मालकाच्या सहीची जागा

नाव: कमरुद्दीन. दुबईत, खाडीकाठच्या बदरुद्दीन शेठच्या पेढीवर कारकून. हा अर्ज त्याने स्वतःच टाइप केला. पेढीतले सगळे कागद तोच करतो, त्यामुळे आपला अर्ज अडला म्हणून कारकुनाला शिव्या द्यायच्या तर आरसा लागतो.

कसे आलात: फेब्रुवारी १९६४, लाँचने. खोर फक्कानच्या किनाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरून, चपला डोक्यावर घेऊन. रकाना लहान असल्याने फक्त ‘समुद्रमार्गे’.

कुटुंब: बायको हमीदा, गावी. मुलगी रुकय्या, चौदा महिने. बापाने अजून पाहिलेली नाही. राहण्याचा परवाना नसताना गावी गेलं तर परत येता येत नाही, आणि परवान्याच्या अर्जावर मालकाची सही लागते.

मालकाची सही:

ही जागा सहा महिने अशीच, स्वच्छ. रमजानमध्ये शेठ म्हणाले, “उपाशीपोटी सही वाकडी येते.” मग हजचे दिवस आले, “लोक अल्लाच्या घरी आणि तुला कागद सुचतात?” मग मोहरम. मग सफरचा महिना, त्यात तर कुणी नवं काम सुरूच करत नाही. सफर संपला तेव्हा शेठ नुसतं “इन्शाल्ला” म्हणाले. शेठच्या इन्शाल्लामध्ये अल्लाचा काही दोष नव्हता.

खरं कारण ते पाहुण्यांना सांगत, कमरुद्दीन चहा ओतत असताना. “परवाना झाला की माणूस समोरच्या पेढीचा पत्ता विचारतो.” समोरची पेढी खिडकीतून दिसत होती.

इतर माहिती (असल्यास):

जुम्म्याची नमाज झाली की गावची माणसं पेढीवर जमत. त्या आठवड्यात आगबोटीने शेठच्या आईचं, हव्वाबींचं, पत्र आणलेलं असलं तर ते सर्वांसमोर वाचायचं, कारण त्यात प्रत्येकाच्या घरचा निरोप असे. शेठला मराठी वाचता येत नव्हतं. वाचायचं काम कमरुद्दीनचं.

त्या जुम्म्याला सातजण होते. कमरुद्दीनने सलाम वाचले, कुणाची म्हैस व्याली ते वाचलं, मशिदीच्या कौलांचं वाचलं. मग पान न उलटता म्हणाला, “आणि बदरु, हमीदाच्या पोरीला बाप दाखव. कमरुच्या कागदावर आजच सही कर. नाहीतर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही.”

हमदुल्ला, लाँचवरचा तांडेल, मांडीवर थाप मारून म्हणाला, “शेठ, मां बोली तो खलास! काढा पेन!”

“उद्या बघू.”

“मांने ‘आज’ लिहिलंय. यल्ला, चला, शेठ!”

“पत्र लिहून वीस दिवस झाले. तिचं आज कधीच गेलं,” शेठ म्हणाले. सगळे हसले, पण उठलं कोणी नाही. शेवटी शेठनेच त्यांना जेवायला पिटाळलं आणि दार लोटलं.

“परत वाच.”

कमरुद्दीनने पत्र धरलं. “हमीदाच्या लेकराला बाप दाखव...”

“मघाशी पोरगी होती.”

कमरुद्दीनने पत्राची घडी घातली.

“आणि मां मला बदरु म्हणत नाही. मेल्या म्हणते. चाळीस वर्षं.”

“शेठ, मला काढून टाकायचं असेल तर टाका.”

“काढून टाकलं तर पत्र कोण वाचणार? तो हमदुल्ला? त्याला आकडेही वाचता येत नाहीत, चाळीस माणसं घेऊन समुद्रात जातो.” शेठ खिडकीशी गेले. खाली सातजण अजून उभेच होते, वर बघत. “पुढच्या आगबोटीने ह्या सातांची सात पत्रं जाणार. बदरुद्दीनने आईचं ऐकलं नाही म्हणून. आणि मां हे बोललीच नाही, हे मी कुणाला पटवू?”

त्यांनी अर्ज ओढून घेतला. सही अगदी सरळ आली.

“आता मांला लिही, तुझं म्हणणं ऐकलं.”

“कोणतं म्हणून लिहू?”

“तूच ठरव. तिच्या वतीने बोलायची तुला सवय आहे.”

कमरुद्दीनने ते पत्र सुरू केलं नाही. आधी सहीवर फुंकर मारली, शाई वाळेपर्यंत. परवान्याची कचेरी उद्या उघडणार होती. तो राहायचा शेठच्याच घरी, आणि तिथे उशीखाली ठेवलेले कागद हरवतात, हे माहीत असल्याने त्याने अर्ज घडी करून बनियनच्या आत घातला, आणि घामाने कागद भिजू नये म्हणून दुपारभर हात वर करून पंख्याखाली बसून राहिला.