ओपेलूंचा चारा

डोंगरामागून सूर्य नुकताच वर आला होता, तेव्हा पुहीने जाळं पाण्यात सोडलं. वर ओढलं तेव्हा ते रिकामं होतं.

मासेमारीवरची बंदी उठल्याचा तो पहिला दिवस. मासेमारीच्या देवाच्या दगडापुढे पहाटेची प्रार्थना झाली होती. सगळं गाव किनाऱ्यावर येऊन बसलं होतं आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण होडी मासे धरायच्या ठिय्यावर असताना बोलायचं नसतं. पुही कोळ्यांचा म्होरक्या. त्याने कुकुईच्या तेलकट बिया चावल्या आणि पाण्यावर थुंकल्या. तेल पसरलं, पाण्यावरच्या सुरकुत्या गेल्या, खालचे खडक दिसू लागले. त्याने वाकून बराच वेळ पाहिलं आणि जाळं पुन्हा सोडलं. ते पुन्हा रिकामं आलं. तिसऱ्या वेळी जाळ्यात ओपेलू माशाचं एक डोकं आलं. मागचा भाग कोणीतरी एका घासात तोडून नेला होता.

पुहीने ते डोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, हळूच पाण्यात सोडलं आणि मान वळवली. मागच्या बाजूला वल्हं घेऊन त्याचा भाचा नाहिनू बसला होता. नाहिनूने पाण्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याला पाहायची गरज नव्हती.

बंदीच्या महिन्यांत ओपेलू धरायचे नाहीत, त्यांना खाऊ घालायचं, ही रीत. रोज सकाळी एकाने होडी घेऊन ठिय्यावर जायचं आणि शिजवून कुटलेल्या अळकुड्यांचा लगदा पाण्यात सोडायचा. मासे त्या जागेला सरावतात, होडीची सावली ओळखतात, आणि बंदी उठली की जाळ्याच्या तोंडाशी आपण होऊन येतात. हे काम नाहिनूच्या बापाकडे होतं. बाप गेल्यावर ते त्याच्याकडे आलं.

यंदा वरच्या अंगाला पाऊस झाला नाही. अळूचे वाफे वाळले, रताळी बोटाएवढी राहिली. खोल समुद्रातले कुपे मासे धरायची मुभा होती, पण कुपे लांबूनच निघून गेले आणि तेवढ्या लांब टिकेल अशी होडी गावात नव्हती. माणसं खडकावरच्या शिंपल्या आणि शेवाळ खाऊन दिवस काढत होती. तरीही दर घरातून माशांच्या चाऱ्याचा वाटा येत होता. कोणी एक कंद देई, कोणी अर्धा. लोक तो नाहिनूच्या दारात ठेवून जात आणि मागे वळून पाहत नसत. ओपेलू आले की गाव जगेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा आधार नव्हता.

नाहिनूची बायको माइले तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. तिला दूध येईना. मुलगी रडायची, मग रडायचीही थांबायची. एकदा नाहिनू भट्टीतून चाऱ्याचे कंद काढत होता. पुरुषांचं आणि बायकांचं अन्न वेगळ्या भट्ट्यांत शिजायचं; बायकांची भट्टी कित्येक दिवस पेटलीच नव्हती. सासू काहोआ दारात बसून ते बघत होती.

"मासे चांगलं बाळसं धरतायत म्हणे, जावईबापू," ती म्हणाली. "आमच्या नातीला काही ते जमेना."

"आई, गप्प बस ना," माइले आतून म्हणाली. "ते मासे शेवटी तुझ्याच पोटात जाणारेत."

"माझ्या पोटाला घाई नाही गं बाई."

नाहिनू कंद काढत राहिला. दुसऱ्या सकाळी त्याने बायकांची भट्टी पेटवली आणि गावाने दिलेले कंद त्यात शिजवून माइलेला दिले. चाऱ्याच्या तुंब्यात त्याने खेकडे ठेचून भरले, वर खडकातल्या बारीक माशांची आतडी घातली.

ओपेलूला कंदच घालायचा, रक्तामांसाचं काही घालायचं नाही, हे बापाने त्याला चालायला शिकवावं तसं शिकवलं होतं. रक्ताचा वास पाण्यात गेला की मोठे शिकारी मासे येतात, आणि एकदा मोठे आले की ओपेलू ती जागा सोडतात. हे तो विसरला नव्हता. फार दिवस घालायचं नाही, माइलेच्या अंगात थोडी ताकद आली की पुन्हा कंद सुरू करू, असं त्याने ठरवलं होतं.

या नव्या चाऱ्यावर पहिल्या दिवशी ओपेलू असे तुटून पडले की होडीभोवतीचं पाणी उकळल्यासारखं दिसलं. आपला बाप जरा जास्तच जपून वागायचा, असं त्याला वाटून गेलं. घरी माइलेला दूध आलं. मुलगी पोटभर प्यायली आणि झोपली. काहोआने त्याच्याकडे पाहून मान हलवली. एवढं कौतुक तिने त्याचं कधी केलं नव्हतं.

काही दिवसांनी चारा टाकताच ओपेलू एकदम फुटले आणि दिसेनासे झाले. खालून एक लांब सावली सावकाश गेली, वळून परत आली. मुशी होती. नाहिनूने पाण्यावर वल्हं आपटलं. दुसऱ्या दिवशी दोन सावल्या होत्या. तेव्हा तो कंद मागायला निघाला, पण घराघरातून येणारा वाटा तोवर आटला होता. ज्यांच्याकडे होतं ते देऊन बसले होते.

बंदी उठल्याच्या दिवशीचं रिकामं जाळं वाळूवर पसरल्यावर पुहीने लोकांना एवढंच सांगितलं, की आज देवाने हात आखडता घेतला, पुन्हा बघू. लोक उठून गेले. मग होड्यांच्या छपराखाली त्याने भाच्याला समोर बसवलं.

"काय घालत होतास?"

"अळकुड्या, मामा."

"तुझा बापही खोटं बोलताना असाच पायांकडे बघायचा. आता नीट सांग."

नाहिनूने सांगितलं.

"पोर कशी आहे?" पुहीने विचारलं.

"दूध पिते."

"बरं." त्याने होडीच्या उलांडीची सैल झालेली दोरी आवळायला घेतली. "गावच्या कारभाऱ्याला कळलं तर तुला बळी द्यायला देवळाच्या ओट्यावर नेतील. त्याने मासे यायचे नाहीत. म्हणून मी सांगणार नाही. तुझ्यावर माया आहे म्हणून नव्हे."

"मग मी काय करू?"

"पुन्हा चारा घाल. कंदाचा. मागे एकदा हा ठिय्या असाच मोडला होता, तो परत बसला."

"किती दिवसांनी?"

"मोडला तेव्हा माझी आई लहान पोर होती," पुही म्हणाला. "बसला तेव्हा मी वल्हं मारत होतो."

घरात थोडे कंद उरले होते, ते माइलेच्या वाटणीचे. नाहिनूने काही मागितलं नाही. पण जाळं रिकामं आल्यापासून त्याने पोटात अन्न घातलं नव्हतं, आणि का ते माइलेला विचारावं लागलं नाही. बाईमाणसाने चाऱ्याच्या तुंब्याला हात लावायचा नसतो. तिने कुटलेल्या कंदांचं आपलं लाकडी भांडं दाराबाहेरच्या दगडावर ठेवलं आणि तोंड फिरवून मुलीला छातीशी घेतलं. त्याने लगदा तुंब्यात ओतून घेतला. कुठे निघालास, असं मासेमाराला विचारायचं नसतं. विचारलं तर त्याला परत फिरावं लागतं. काहोआने तोंड उघडलं होतं, मग हाताने झाकून घेतलं.

त्यानंतर तो रोज जातो आहे. कंद संपले तेव्हापासून वाफ्यांतली मुळं उकरून तीच कुटतो. लगदा पाण्यात सोडला की पांढरा ढग होऊन खाली उतरत जातो, कोणी त्याला तोंड लावत नाही. गावातली काही घरं डोंगरात गेली आहेत, नेच्यांच्या खोडातला गर खायला. पुही गेलेला नाही. तो रोज किनाऱ्यावर बसतो आणि होडी परतली की फक्त नाहिनूच्या तोंडाकडे बघतो.

आज सकाळी ठिय्यावर मुशीची सावली एकच होती. तो घरी आला तेव्हा मुलगी उठलेली नव्हती. झोपली आहे, काहोआ म्हणाली. माइले मुलीच्या नाकाशी बोट धरून बसली होती.