आधी समोरच्याची बाजू

"तुझ्या बापाला सांग, आधी आपलं बोलावं, मग दुसऱ्याचं. कोर्टातला न्यायाधीश शेवटपर्यंत ऐकतो, कारण त्याला त्याचा पगार मिळतो. मैदानातली माणसं फुकट आलेली असतात, ती अर्ध्यातून उठतात."

आत्याने भाचीला हे बजावलं तेव्हा भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि बाबांची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. "आत्या, तू पण ना! लोकांना सगळं कळतं," म्हणून तिने विषय उडवून लावला. "कळतं गं," आत्या म्हणाली, "पण तोवर ते घरी पोचलेले असतात."

बाबांची ती रीतच होती. वकिली करायचे तेव्हा खटल्याच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी उभे राहून ते आधी समोरच्या पक्षाची बाजू मांडायचे, आणि तीही इतकी जीव तोडून, की ऐकणाऱ्याला प्रश्न पडावा, यांनी फी नक्की घेतली कोणाकडून? ती उंच स्टुलावर, हातात मोठा लाकडी चमचा घेऊन बसलेली असायची.

"न्यायमूर्ती, काय निकाल?"

"समोरचे जिंकले!"

"न्यायमूर्तींनी आधी दूध संपवावं," आई आतून ओरडायची.

बाबा शर्टाच्या बाह्या सारख्या करायचे. "शाब्बास. आता आमचं ऐका." आणि मग मघाशी स्वतःच उभी केलेली भिंत एकेक वीट काढून अशी पाडायचे, की तिला टाळ्या वाजवायला चमचा खाली ठेवावा लागायचा.

राजकारणात ते आले ते एका खटल्यामुळे. एका मोठ्या इमारतीतल्या भाडेकरूंना मालकाने रस्त्यावर काढायचा घाट घातला होता. बाबांनी तो हाणून पाडला आणि त्याच भाडेकरूंनी त्यांना उभं केलं. निवडून आले, पण जिभेला लगाम काही बसला नाही. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षांना भर सभागृहात म्हणाले, "साहेब, मघाशी आपला डोळा लागला होता, म्हणून पुन्हा सांगतो." आत्याने कपाळाला हात लावला. "याच्या तोंडाला दारच नाही, कुलूप लावायचं तरी कशाला?"

पण काय दिवस होते ते! सकाळी दार उघडायच्या आत जिना माणसांनी भरलेला असायचा. पुढच्या खोलीत खुर्च्या पुरायच्या नाहीत, म्हणून तळमजल्यावरचा शिंपी आपलं बाकडं वर पाठवायचा. ओल्या छत्र्यांचा, इस्त्रीच्या कपड्यांचा, उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास. कुणाचं पाणी तुटलेलं, कुणाची बदली अडलेली, कुणी नुसताच भांडायला आलेला. त्या गलक्यात बसून तिने परीक्षांचे अभ्यास केले. अजूनही फार शांतता असली की तिला वाचलेलं डोक्यात शिरत नाही.

मग तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली. आई गेली. आणि गेल्या निवडणुकीच्या आधी वस्तीतला छोटा सरकारी दवाखाना बंद करायची टूम निघाली. बाबा त्याविरुद्ध मैदानात उभे राहिले आणि सवयीप्रमाणे समोरच्याची बाजू घेऊन सुरू झाले. दवाखान्यात डॉक्टर टिकत नाहीत, यंत्रं धूळ खातात, मोठं रुग्णालय जवळच आहे, तेव्हा हा दवाखाना बंदच करावा, असं ते गरजून म्हणाले. पुढचा तासभर त्यांनी यातल्या एकेका शब्दाच्या चिंध्या केल्या. कुणीतरी भाषणाच्या व्हिडिओतला नेमका पहिला तुकडा कापला आणि फोनवरून फोनवर फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या वस्तीत पसरलं की वकीलसाहेबच दवाखाना बंद करायला निघालेत. बाबा पडले. साधेसुधे नाही, आपटले.

ती तेव्हा बाळंतीण होती. फोनवर विचारायची, "कसे आहात?"

"उसंत नाही गं. माणसं बसलीयत."

आधी तिला हायसं वाटायचं. पण बाळ झाल्यापासून तिचे कान तिखट झाले होते. बाळाचा श्वास जरा बदलला तरी ती उठून बसायची. एकदा बाबा बोलत असताना तिच्या लक्षात आलं, की त्यांच्यामागे काहीच ऐकू येत नाही. ना खोकला, ना खुर्ची सरकल्याचा आवाज. नुसतं घड्याळ.

"थर्मामीटर घेतलास? मग सगळं घेतलंस," नवरा पिशवीकडे बघून म्हणाला. तिने बाळाला छातीशी बांधलं आणि गाडी गाठली.

सकाळी ती जिना चढली तेव्हा जिना रिकामा होता. दार उघडंच. पुढच्या खोलीत खुर्च्या ओळीत मांडलेल्या, पुसून लख्ख. टेबलावर थर्मास आणि पालथे घातलेले कप. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जागी बसले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती दोन बोटं मोकळी.

"अरे! न्यायमूर्ती!" ते गडबडीने उठले. "आत्ताच सगळे गेले बघ."

तिने थर्मास उचलला. काठोकाठ भरलेला होता.

"बाबा, कधीपासून कुणी आलं नाहीये?"

ते खाली बसले. बाळाने त्यांच्याकडे टक लावली, तशी त्यांनी आपलं एक बोट त्याच्या मुठीत दिलं.

"तू त्यांची बाजू ऐक," ते म्हणाले. आवाज तोच, टेबलाशी उभं राहून बोलायचे तेव्हाचा. "माणूस कामासाठी येतो. माझ्या हातात आता कुठलं काम आहे? शिवाय ज्याने आपला दवाखाना बंद करा म्हटलं, त्याच्याकडे कोण फिरकेल? आणि जे खरं ओळखून होते, त्यांना मला तोंड दाखवायची लाज वाटत असेल. त्यांनी का यावं?"

एकेक मुद्दा चोख. ती वाट बघत राहिली. आता बाह्या सारख्या करतील, आता म्हणतील, आमचं ऐका. बाबा बाळाच्या मुठीकडे बघत बसले. पुढचं आलंच नाही.

तिने थर्मास खाली ठेवला. "माझ्याकडे चला. आजच. बाळालाही आजोबा मिळतील."

"आणि इथे कुणी आलं तर?"

ती दोन दिवस राहिली. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, जेवण तेवढं पोटात जायला हवं. आत्याला फोन केला, तर ती रडायलाच लागली. तिचे गुडघे हा जिना आता चढू देत नाहीत. शिंपी मान खाली घालून म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं, साहेब रागावलेत." तरीही त्या संध्याकाळी तो वर गेला. दोघं बराच वेळ बसून चहा प्यायले, आणि बाबांनी अख्खं बिस्किट खाल्लं.

पण बाळाची लस होती, तिला परतावं लागलं. शिंपी रोज जाईल की चार दिवसांनी विसरेल, याचा घोर तिला आता रोज असतो. तिथे पोचणं हे वाचणाऱ्या तुमच्याही हातात नाही, हे तिला कळतं. म्हणून तिचं एवढंच मागणं आहे. तुमच्याही वस्तीत मागच्या निवडणुकीत पडलेला कुणी असेल. तुम्ही त्याला मत दिलं नसेल, तरी चालेल. काही काम नसलं तरी चालेल. उद्या सकाळी जरा त्याचा जिना चढून बघा, तो जेवतो का. आणि लगेच उठू नका.