लाल दिव्याचा बोर्ड

मी एक जुना लाकडी एक्स्टेंशन बोर्ड आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मला नीट आठवतो. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.

परक्या देशातल्या हॉटेलच्या एका खोलीत मी टेबलावर पडून होतो. साथीचे दिवस होते. नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी क्वारंटाइनमध्ये राहावं लागे. खिडकी उघडत नसे. दारावर टकटक व्हायची, आणि दार उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला असे. जमिनीवर फक्त जेवणाचा डबा.

दुपारी ठिणगीला तिच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय ठिणगे, लाईट आहे ना?"

"बाबा, इथे लाईट जात नाही."

"लाईट सगळीकडे जाते. करमतं का?"

"हो, मस्त."

"बोर्ड लावलास?"

"लावला की. सगळं त्याच्यावरच चाललंय."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते मोबाईलच्या अगदी जवळ आले. मी तिच्या पाठीमागे दिसत होतो. माझा दिवा बंद दिसतोय, असं ते म्हणाले. बटण बंद आहे, असं तिने सांगितलं. "बरं," बाबा म्हणाले, आणि चहा उतू जातोय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरं म्हणजे माझी पिन तिथल्या भिंतीत जातच नव्हती. तिथली भोकं वेगळ्याच आकाराची होती. विमानतळावर कन्व्हर्टर घ्यायचं ठरलं होतं, पण तिथली दुकानं बंद होती. ऑफिसने पाठवलेला लॅपटॉप तिथल्या भिंतीत लागत होता, मोबाईल पलंगाजवळच्या दिव्यातल्या यूएसबीवर चार्ज होत होता. माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. बाबांचं मन मोडू नये म्हणून ती खोटं बोलली, एवढंच.

बाबा वायरमन होते. एका मोडक्या कपाटाच्या फळीतून त्यांनी मला बनवलं. तीन सॉकेट, तीन बटणं आणि कोपऱ्यात एक लाल दिवा. मुलीला अभ्यासाला टेबलाशी दिवा हवा होता. ती लहानपणी सारखी त्यांच्या टेस्टरशी खेळायची, म्हणून ठिणगी. मी तिच्या दिव्याला वीज दिली, तिच्या आईच्या मिक्सरला दिली. वीज गेली की घरातली बाकीची सगळी बटणं बंद करून बाबा म्हणत, "बोर्डाकडे बघत बसा." तिघंही अंधारात माझ्याकडे बघत बसत. माझा लाल डोळा उघडला की एकदम आवाज होई, "आली!" मित्रांनो, एवढं कौतुक कुठल्या झुंबराच्या वाट्याला आलं असेल?

मग आई गेली. माझ्याकडे बघणारे दोघंच उरले.

ठिणगी पुलांचे आराखडे करणारी इंजिनिअर झाली. "पूल बांधेल, पण फ्यूज बापानेच बदलायचा," असं बाबा शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. परदेशी निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं. तिने मला बाहेर काढलं. ती आंघोळीला गेल्यावर बाबांनी आपल्या जुन्या मफलरात गुंडाळून मला परत आत ठेवलं आणि तिचे जड बूट बाहेर काढले. त्या थंड देशात ती चपला घालून उतरली.

त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी काकांचा फोन आला. बाबा खुर्चीतच गेले होते. समोर चहाचा कप होता.

तिला खोलीबाहेर पडता येत नव्हतं. काकांनी मोबाईल धरला आणि तिने अंगणातली माणसं पाहिली, मग बाबांना घेऊन निघालेल्यांच्या फक्त पाठी पाहिल्या. ऑफिसमधले लोक लॅपटॉपवर एकेका चौकोनातून हळहळले. ती सगळ्यांना म्हणाली, "मी ठीक आहे." हे वाक्य तिला फार सफाईने येई.

पुढचे काही दिवस दारातले डबे तसेच परत गेले. एका संध्याकाळी तिने खालच्या काउंटरवर फोन लावला आणि कन्व्हर्टर मिळेल का, असं विचारलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं नाही. प्रवासी विसरून गेलेल्या वस्तूंच्या खोक्यात एक सापडला, तो त्यांनी जेवणाबरोबर दाराशी ठेवला.

मित्रांनो, आम्हाला ओल्या हाताने लावू नका, आमची वायर पिळू नका, एवढं सांगून मी थांबू शकलो असतो. पण मला दुसरंच सांगायचं आहे. कुणी "करमतं का?" असं विचारलं तर खरं उत्तर द्या. विचारणारा रोज विचारतो म्हणून कायम विचारत राहील, असं नसतं.

तिने मफलराच्या टोकाने माझी पिन पुसली. मला भिंतीत लावलं. खोलीतले सगळे दिवे बंद केले आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. मग माझं बटण दाबलं.

"आली, बाबा," ती म्हणाली.

तिने मफलर गळ्याभोवती गुंडाळला.

"बाबा, मला इथे करमत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आणि तुम्हाला? मी निघाल्यावर तुम्हाला करमत होतं का हो?"