घोडीवरचा स्वार

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग माझं ऐका. मी भिंतीवरची तसबीर बोलतेय. माझ्यात एक बैलगाडी आहे. तिच्यात समुद्रापलीकडून इथे वस्तीला आलेलं एक कुटुंब बसलंय. मागे घोड्यांचा मोठा कळप आहे आणि सगळ्यात पुढे, खांद्यावर पोंचो, म्हणजे इथली घोंगडी, टाकून, रुबाबात चाललेला एक स्वार आहे. तो घोडीवर बसलाय, आणि घोडीमागून तिचं शिंगरू धावतंय. आमच्या सांता फे प्रांताच्या गवताळ मुलखात एवढं पाहिलं की माणसं पोट धरून हसतात.

दोष चित्रकाराचा. त्यानं पॅरिसमध्ये बसून दगडावर हे चित्र काढलं, आणि दगडावरून कागदावर मी छापली गेले. इथला स्वार एक वेळ पायी जाईल पण घोडीवर टांग टाकणार नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? घोडी इथे शिंगरांसाठी आणि मळणीसाठी. तिच्यावर पुरुषानं बसायचं म्हणजे गावभर नाक कापून घ्यायचं. छापखान्यातल्या मुलींनी मग मला हातानं रंगवलं. घोडी करडी केली, आकाश जरा जास्तच निळं केलं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही, तो निळा रंग अजून टिकून आहे.

रोसारिओच्या बाजारात मला बत्तिस्ता बोर्गारेल्लोनं विकत घेतलं. तो इटलीहून आलेला, नव्या वसाहतीत त्याचं वाणसामानाचं आणि दारूचं दुकान होतं. घरी येताच त्यानं बायकोला, दोमेनिकाला, मला दाखवलं.

"ही गाडीतली बाई बघ. गाठोडं उराशी धरून बसलीय, अगदी तुझ्यासारखी."

"मी एवढी जाड आहे होय?" दोमेनिका म्हणाली. पण खिळा तिनंच ठोकला.

पहिल्याच संध्याकाळी माझी शोभा झाली. दुकानात सिरिआको लेगिसामोन आला. रानटी घोडे माणसाळवणारा, अख्ख्या मुलखात त्याच्या तोडीचा स्वार नव्हता आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पेला तोंडाशी नेता नेता तो थांबला.

"अरे, या रे सगळे! बत्तिस्ताशेठच्या गावचा स्वार बघा!"

"शिंगराला दूध पाजायला निघालाय वाटतं!" दुसरा म्हणाला.

"कागदावर आहे म्हणून वाचला. जमिनीवर असता तर मीच तंगडी धरून खाली ओढला असता." सिरिआकोनं मान हलवली. "काय शेठ, आरसा समजून लावलीत का हो?"

हे बत्तिस्ताला फार लागलं. कारण त्याच्याकडेही एक घोडीच होती, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली, आणि तिलाही शिंगरू होतं. रोज तोच थट्टेचा विषय. शेवटी तो कंटाळून बायकोला म्हणाला, "रविवारच्या शर्यती होऊ देत. मग ही काढतो आणि चौकटीत खरंच आरसा बसवतो."

दोमेनिकाचे दिवस भरत आले होते. आधीची दोन्ही बाळं जन्मताच गेली होती. "राहू दे रे तिला," ती म्हणाली, "त्या गाडीतल्या बाईशी मी मनातल्या मनात बोलते." मला मात्र रविवारची धास्ती बसली.

रविवारी अख्खं गाव ओढ्यापलीकडे घोड्यांच्या शर्यतीला गेलं. दुकानात एकटा सिरिआको फुरंगटून बसला होता, त्याचा घोडा सकाळीच लंगडायला लागला होता. एवढ्यात आतून दोमेनिकाची किंकाळी आली. बत्तिस्ता पांढराफटक होऊन बाहेर धावला. बाळ अडलं होतं, आणि सुईण ट्रान्सितोबाई शर्यती बघायला गेलेली!

दारातून मला अंगण दिसत होतं. बत्तिस्ता घोडीवर खोगीर घालायला धडपडत होता, पण घाईघाईत पट्टा काही बसेना. सिरिआको दारात उभा राहिला. त्यानं घोडीकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

आतून दोमेनिका पुन्हा ओरडली.

"व्हा बाजूला," तो म्हणाला. "तुम्ही ओढा ओलांडेपर्यंत पोराला मिसरूड फुटेल. आत जा, तिच्याजवळ बसा." आणि पट्टा आवळून तो घोडीवर चढला. शिंगरू आईमागे धावत सुटलं.

पुढचं मी ऐकलेलं सांगते, कारण कित्येक वर्षं माझ्यासमोर तेच सांगितलं जात होतं. शर्यतीच्या गर्दीत आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकच हशा उसळला. "अरे, शेठच्या भिंतीवरून उतरला रे!" माणसं ओरडत होती, टोप्या उडवत होती. सिरिआकोनं कुणाकडे पाहिलं नाही. तो थेट ट्रान्सितोबाईंसमोर जाऊन थांबला.

"सिरिआको? तू? आणि घोडीवर?"

"हसायचं नंतर, बाई. आधी मागे बसा. दोमेनिका अडलीय."

ट्रान्सितोबाई काही नाजूक बाई नव्हत्या. त्यांना घोडीवर चढवायला हसणाऱ्यांपैकीच दोघं पुढे आले. तोवर हसू विरलं होतं.

संध्याकाळी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि आईही सुखरूप होती. एकेक करून गिऱ्हाइकं दुकानात आली. सिरिआको उठला, माझ्यासमोर आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"शेठ, ही काढायची नाही. आरसा हवा असेल तर मी आणून देतो."

तेव्हापासून दुकानात शिरला की तो आधी माझ्यासमोर टोपी काढायचा, मग दारू मागायचा. पुढे त्याचा मुलगाही तसंच करू लागला.

नंतर दुकान बंद पडलं. मी कोठारात पोत्यांमागे गेले, ओल लागून एका कोपऱ्यावर डाग पडला. तक्रार नाही. दोमेनिकाची पणती रेनाता हिनं या घराची प्रवाशांसाठी खाणावळ केली, तेव्हा तिनं मला शोधून काढलं. तिला जुन्या काळच्या घोड्यांच्या तसबिरी भिंतीवर हव्या होत्या. सजावटीला आलेली तिची मैत्रीण ग्रासिएला म्हणाली, "ही डागाळलेली बोळात लाव ना, न्हाणीघराकडे."

"खिळा जुनाच आहे," रेनाता म्हणाली. "तिथेच लागेल."

परवा पाहुण्यांसाठी घोडे घेऊन निकानोर लेगिसामोन नावाचा तरणा स्वार आला. चहाला आत बोलावलं तर दारातच थांबला, माझ्याकडे पाहून टोपी काढली, आणि मग माझ्यातली घोडी नीट दिसल्यावर खो खो हसला.

"टोपी का काढलीस?" रेनातानं विचारलं.

"कुणास ठाऊक! घोडीवरचा स्वार दिसला की आमच्या घरात काढतातच. आजोबांनी लावलेली सवय. का ते विचारायचं राहूनच गेलं."

रेनातानं त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. "बस. तुमचा सिरिआको घोडीवर चढला त्या दिवशी जन्मलेली मुलगी माझी आजी. सांगते."

तो ऐकत होता तेवढा वेळ टोपी त्याच्या मांडीवरच होती. मला आता आणखी काय हवं? तुम्हीही कधी आलात तर पोटभर हसा. चुकीची काढलेली का असेना, मी इथे फार सुखात आहे.