सुटलेला रकाना

भारत आणि जपान ही दोन सरकारं पर्यावरण जपायला किती पैसा खर्च करतात, याची तुलना मांडण्यात स्फूर्तीची पाच वर्षं गेली होती. तमिळनाडूतल्या पट्टीश्वरम गावाहून बसने कुंभकोणमला यायचं, कॉलेजात तास घ्यायचे आणि उरलेला वेळ अर्थसंकल्पांत डोकं खुपसून बसायचं. प्रबंधाचे मार्गदर्शक सुंदरराव, नात्याने लांबचे काका. तिने भरवशाने पहिला मसुदा त्यांच्या हाती दिला. "वाचतोय, वाचतोय" करत त्यांनी तो दोन वर्षं अडवून ठेवला आणि मग स्वतःच्या नावाने पुस्तक जाहीर केलं. जाहिरातीत प्रकरणांची नावंसुद्धा बदलली नव्हती.

ती जाब विचारायला गेली तेव्हा ते हसले. "तुझं काय आहे त्यात? आकडे तर सरकारचे!"

ती रडली नाही. चोरीचा पुरावा जमवायला तिने मसुद्याची आपली प्रत पुन्हा ओळीने वाचली आणि तिला आपलीच चूक सापडली. जपानच्या रकान्यात तिथल्या नगरपालिकांचा कचऱ्या-सांडपाण्याचा खर्च धरला होता. भारताच्या रकान्यात फक्त केंद्र आणि राज्यं होती, पालिका साफ सुटल्या होत्या. सगळा निष्कर्षच लंगडा पडत होता.

चार दिवसांनी सुंदररावांचा फोन आला. "पुस्तक छपाईला जातंय. कोष्टकं नीट तपासली होतीस ना गं?"

ती म्हणाली, "डोळे झाकून छापा, काका."

प्रकाशनाला कॉलेजचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत महापालिकेचे अधिकारी बसले होते. सुंदररावांचं भाषण संपताच स्फूर्ती उठली आणि सगळ्यांना कळावं म्हणून घरच्या मराठीऐवजी तमिळमध्ये बोलली. "सर, आपल्या गावाचा कचरा महापालिका उचलते, गटारं तीच साफ करते. तो खर्च या कोष्टकात कुठे आहे?"

सुंदररावांनी पानं उलटली. "तो... स्थानिक खर्च आहे."

"मग जपानचा स्थानिक खर्च कसा धरलात?"

अधिकारी पुस्तक उघडून बघू लागले. सुंदररावांनी तिच्याकडे पाहिलं. कोष्टक आपलं नाही म्हणावं तर चोरी कबूल, आपलं म्हणावं तर ही चूक गळ्यात. त्यांच्या कपाळावरचा घाम स्फूर्तीने डोळे भरून पाहिला.

महिन्याभरात प्रकाशकाने प्रती परत मागवल्या आणि कॉलेजने सुंदररावांकडून मार्गदर्शकाचं काम काढून घेतलं. तेव्हा ते पट्टीश्वरमला आले. स्फूर्तीची आई रुक्मिणीबाई कॉफी घेऊन आली, पण त्यांनी हात लावला नाही.

"फोनवर बोललीस तेव्हा तुला ठाऊक होतं."

"होतं."

"चाळीस वर्षांची अब्रू गेली माझी, पोरी!"

"माझ्या पाच वर्षांचं काय, ते विचारायला एकदा तरी आलात?"

ते उठून निघाले. त्यांची पाठ वळताच आई कळवळली. "म्हातारा माणूस तो. एवढं करायला नको होतं."

"अजून करायला हवं होतं, आई," स्फूर्ती म्हणाली आणि थंड झालेली कॉफी मोरीत ओतायला उठली.