काच पुसणाऱ्या बाईचा शेवट

दुपारी तीननंतर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे. ऊन समोरच्या भिंतीवरून घसरत आत यायचं, मांडून ठेवलेल्या फ्रेमांतून आरपार जायचं, आणि मागच्या भिंतीवर उजेडाचे लहान लहान तुकडे हलत राहायचे. चष्मेवाला त्या उजेडात बसून मोबाइल उघडायचा आणि मग तो चष्मेवाला उरत नसे. ‘जुना पडदा’ नावाच्या ग्रुपवर साडेचार हजार माणसं त्याला पंडित म्हणत.

पदवी काही फुकटची नव्हती. कुठल्या सिनेमात कितव्या मिनिटाला दार वाजतं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण ज्ञानाबरोबर जीभही पाजळत गेली होती. ‘आधी प्रत पाहा, मग बोला’ हा ग्रुपचा नियम त्याचाच. चुकीचं बोललेल्या नवख्याला तो ‘बालवाडी’ म्हणे, आणि त्याने एकदा म्हटलं की बाकीचे री ओढायला टपलेलेच. त्यातले निम्मे परवापरवापर्यंत स्वतःच बालवाडीत होते. पण नवी सून आली की कालची सून सासू होते, त्यातली गत.

या सगळ्या पांडित्याखाली एक दुखरी जागा होती. त्याचे वडील एका थिएटरात सव्वीस वर्षं सिनेमाचं यंत्र चालवत. थिएटर पाडलं, तिथे आता सोफे विकतात. वडिलांचा यंत्राच्या खोलीतला एकही फोटो नव्हता. तीन वर्षांपूर्वी पंडिताने ग्रुपवर विचारलं होतं, ‘त्या थिएटरात कुणी बसलं होतं का?’ साडेचार हजारांत एकानेही हो म्हटलं नाही. वडिलांचं ते सगळं काम कुणाच्याच डोळ्यांत शिल्लक नाही, ही गोष्ट त्याला आतून कुरतडत होती.

अशात एका सोमवारी ‘गोगलगाय’ नावाने एक बाई ग्रुपवर आली. तिने लिहिलं, ‘मला सिनेमातलं काही कळत नाही. लहानपणी बाबांबरोबर एक पाहिला होता. त्यात एक बाई सारखी खिडकीची काच पुसत असते, आणि शेवटी सगळं पांढरं होतं. पुष्कळ वेळ. त्याचं नाव सांगाल का?’

सिनेमा पंडिताने लगेच ओळखला. नाव सांगून मोकळं व्हावं की नाही? पण जिभेला खाज.

‘नाव सांगतो,’ त्याने लिहिलं, ‘पण पांढरंबिंढरं काही होत नाही. शेवटी ती बाई बोटीत बसून निघून जाते. काच पुसता पुसता तुम्हालाच डुलकी लागली असेल. आधी प्रत पाहा. बालवाडीचा वर्ग शेजारी आहे.’

दोनशे बारा हसरे चेहरे उमटले. खाली तिने लिहिलं, ‘माफ करा, मी फार लहान होते.’ आणि ती ग्रुपमधून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने हा किस्सा आईला रंगवून सांगितला. म्हातारी मटार सोलत होती. तिला हसू आलं नाही.

“पांढरं झालं म्हणाली ती?”

“हो. म्हणजे बघ.”

“मग बरोबरच म्हणाली. आपल्या थिएटरात सिनेमाच्या रिळांची शेवटची पेटी आलीच नव्हती.” तिने हातातली शेंग खाली ठेवली. “सहा पेट्या यायच्या होत्या, पाचच आल्या. तुझे बाबा म्हणाले, बोट काही मला दाखवता यायची नाही. पण त्या बाईने एवढा वेळ काच पुसली, आणि आपण फटकन दिवे लावून लोकांना हाकलायचं? मग यंत्रात काही न घालता त्यांनी नुसता उजेड पडद्यावर सोडला. तीन दिवस, दर खेळाला.”

“लोक ओरडले नाहीत?”

“कुणी जागचं हललं नाही. मी होते ना तिथे. आम्हाला वाटलं, काच स्वच्छ झाली.”

“आणि मी?”

“तू यंत्राच्या खोलीत. बाबांच्या कोटावर झोपलेला.”

म्हणजे डुलकी लागली होती ती ह्या महाशयांना. जगभर त्या सिनेमाच्या शेवटी बोट होती. पांढरा उजेड एकाच थिएटरात पडला होता, तीन दिवस. तो पाहिलेलं एक माणूस आपल्या पायांनी त्याच्या दारात आलं, आणि त्याने त्याला हसून हाकललं. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, उघडी लाज.

दुपारी त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘शेवट पांढराच होता. प्रत मी पाहिली नव्हती, त्यांनी पाहिली होती. मी चुकलो आणि वाईट वागलो.’ खाली एका पट्टशिष्याने लगेच ठोकलं, ‘बालवाडीचा वर्ग शेजारी आहे, पंडित.’ करावे तसे भरावे. पेटीची सगळी हकिगत त्याने गोगलगायीला वेगळी लिहून पाठवली, माफीसकट.

उत्तर नाही. चार दुपारी ऊन आलं आणि गेलं. भिंतीवर उजेडाचे तुकडे हलत, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना त्यांचा एकच मोठा पडदा होताना दिसे. पडद्यासमोर माणसं बसलेली असत, पाठमोरी. त्यांतलं कुणी वळून बघत नसे.

पाचव्या दुपारी उत्तर आलं.

‘तुमचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मी बाबांच्या मांडीवर होते. इतका उजेड झाला की मला त्यांचा चेहरा दिसला. ते रडत होते. मी घाबरून मागे वळले, तर वरच्या लहान खिडकीत एक माणूस उभा होता. बाही वर केलेली, हनुवटी हातावर. तोही पडद्याकडेच बघत होता. ते तुमचे बाबा का?’

चष्मेवाल्याने वाचलं. पुन्हा वाचलं. हनुवटी हातावर. असेच उभे राहायचे ते. मागच्या भिंतीवरचा उजेड विरघळल्यासारखा झाला. त्याने चष्मा काढून पुसला, तरी अक्षरं स्थिर होईनात.

खाली आणखी एक ओळ होती. ‘एक विचारू? हसू नका. तुम्ही पेटीतलं रीळ म्हणालात. रीळ म्हणजे काय असतं?’

सहा वर्षांचा असताना त्याने वडिलांना विचारलं होतं, दिवे लागले की पडद्यातली माणसं कुठे जातात? वडील हसले नव्हते. त्यांनी एक रिकामी पेटी त्या खिडकीखाली ओढली, त्याला तिच्यावर उभं केलं आणि म्हणाले, “ये, सुरुवातीपासून सांगतो.”

बाहेर एक गिऱ्हाईक दार ढकलत होतं. त्याने हातानेच जरा थांबायला सांगितलं, आणि लिहिलं, ‘हो, तेच माझे बाबा. आणि रिळाचं म्हणाल तर, सुरुवातीपासून सांगतो.’