माफी कुणी मागायची

पडद्यांची ऑर्डर संध्याकाळपर्यंत द्यायची होती, त्यामुळे सासू-सून दोघी दुपारी जेवणावरून उठल्या त्या थेट मशीनवरच बसल्या. सुनेचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. कोपराने कापड दाबून धरत ती उजव्या हाताने ते पुढे सारत होती. गिऱ्हाइकांना ‘बाथरूममध्ये घसरले’ असं सांगून झालं होतं आणि तेही तोंडपाठ असल्यासारखी मान हलवत होते. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, तिचा हात मोडल्यापासून मित्राकडे राहत होता. आज तो चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन येणार होता.

दार वाजलं. सुनेच्या हातातलं कापड तिरकं गेलं.

मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चर्चच्या मंडळीत त्याच्या गाण्याचं सगळ्यांना कौतुक. त्याच्यासारखा गुणी मुलगा शोधून सापडायचा नाही, असं लोक सासूबाईंना सांगत. पाळकसाहेब मनाने चांगले. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग सुनेकडे वळून मायेने म्हणाले, “बाळ, तू निर्दोष आहेस हे आम्हाला कळतं. पण प्रभूही निर्दोषच होता. त्याने तोंडातून शब्द न काढता सोसलं आणि मारणाऱ्यांना माफ केलं. तूही मन मोठं कर. रविवारी दोघं जोडीने प्रभुभोजनाला या.”

मुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “पुन्हा हात उचलणार नाही,” तो म्हणाला.

अश्रू खरे होते. सासूबाईंना ते ओळखता येत होते, कारण त्याच्या वडिलांचेही खरेच असायचे. याच खोलीत, आधीच्या पाळकांसमोर, सासूबाईंनी नवऱ्याला ‘माफ केलं’ म्हटलं होतं. एकदा नव्हे, दर वेळी. आपलं गप्प राहणं देवाच्या पायाशी जमा होतंय, अशी त्यांची समजूत होती. ते जमा झालं होतं या पोराच्या हातांत.

सुनेने ओठ ओले केले. ती ‘हो’ म्हणणार, हे सासूबाईंना दिसलं.

“थांब पोरी,” त्या म्हणाल्या. “पाळकसाहेब, एक विचारू?”

“विचारा ना, मावशी.”

“प्रभूने आपण होऊन सोसलं. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. आणि ते एकदाच, सगळ्यांसाठी पुरलं, असं तुम्हीच सांगता. मग त्यात हिच्या हाडांची भर कशाला हवी?”

पाळकसाहेब चाचरले. “मावशी, क्षमा तर करायलाच हवी...”

“ती हिची गोष्ट आहे. करेल तेव्हा करेल. पण घर माझं आहे, आणि हा इथे राहणार नाही. आम्ही दोघी आत्ता पोलीस चौकीत जातोय.”

“आई, तू मला तुरुंगात घालणार?”

“मी तुला कधीच माफ केलंय रे. पण तुझ्यासाठी खोटं बोलायचं माझ्याकडून आता होणार नाही.”

मुलाचं रडणं बटण दाबल्यासारखं थांबलं. “हिनेच तुला फितवलं,” तो उठत म्हणाला. कापायच्या टेबलाला त्याने अशी लाथ मारली की कात्री उडून सुनेच्या पायाशी पडली. तो तिच्यावर धावला. सुनेने प्लास्टरचा हात तोंडावर धरला, सवयीनेच धरला.

पाळकसाहेब मध्ये उभे राहिले. गाणं म्हणताना डोळे मिटणारा हा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. मुलाची मूठ हवेतच राहिली. मग तो दार आपटून निघून गेला.

पाळकसाहेब म्हणाले, “मी येतो चौकीत. साक्ष देईन.”

“कशाची साक्ष?” सुनेने विचारलं. तिचं हे पहिलंच वाक्य. “पहिल्यांदा मारलं तेव्हा मी तुमच्याकडेच आले होते. तुम्ही मला समजावून परत पाठवलंत.”

पाळकसाहेब दोघींबरोबर चौकीत गेले, आणि तिला परत पाठवल्याचंही त्यांनी तिथे सांगितलं.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मेजावर झाकून ठेवला होता. पाळकसाहेबांनी कापड काढलं नाही.

“आज मी याला हात लावणार नाही,” ते म्हणाले. “घरात मार खाणाऱ्या बायका माझ्याकडे आल्या. मी त्यांना म्हटलं, माफ कर. मारणाऱ्याला मात्र पश्चात्ताप कर म्हणून बजावलं नाही. प्रभूचं दुःख दाखवून मी त्यांची तोंडं बंद केली. त्यांची माफी मागितल्याशिवाय मला हे वाढता यायचं नाही. त्यांनी माफ करावं, असा माझा हट्ट नाही.”

मंडळी खाली पाहत बसली. सासूबाईंनी सुनेचा उजवा हात हातात घेतला.

तेवढ्यात ऑर्गन वाजवणाऱ्या बाई जागेवरून उठल्या. पुढच्याच बाकावर त्यांचा नवरा होता. त्याने डोळ्यांनीच खाली बसायला खुणावलं.

त्या बसल्या नाहीत.